मीटरपट्टीने मोजता येते ते आणि न येते ते

दुकानात कोणती वस्तू किती खपेल हे तिच्या चवीवर आणि किमतीवर जसे ठरते, तसेच ती कोठे मांडली आहे यावरही ठरते. इंग्लंडमधील एका सुपरमार्केटच्या विक्रीच्या आकड्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मांडण्यांच्या रांगेच्या टोकाला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर ठेवल्यावर फसफसणाऱ्या पेयांची विक्री सुमारे ५२ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. चहाची विक्री तर सुमारे ११४ टक्क्यांनी वाढली. चहासाठी कोणी पोर हट्ट धरून बसत नाही. तेव्हा ही करामत पदार्थाची नाही, जागेची आहे.

ही गोष्ट एकदा मान्य केली की मुलांना नुसता संयम शिकवून भागणार नाही, हेही मान्य करावे लागते. इंग्लंडने ते कायद्याने मान्य केले. त्या कायद्याचे आम्ही स्वागत करतो. पण कायदा चांगला असणे वेगळे आणि तो पाळला जातो की नाही हे तपासता येणे वेगळे. येथे आपण या दुसऱ्या बाजूचा विचार करू.

नियम काय आहेत?

इंग्लंडचे हे नियम २०२१ साली तयार झाले. त्यांचे दोन भाग आहेत. पहिला भाग जागेचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाचे प्रवेशद्वार, मांडण्यांच्या रांगांची टोके आणि पैसे देण्याच्या काउंटरचा परिसर येथे कमी आरोग्यदायी पदार्थ ठेवायला बंदी आली. पन्नास किंवा अधिक नोकर असलेला व्यवसाय आणि १८५.८ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे २००० चौरस फुटांपेक्षा मोठे दुकान, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच ही बंदी लागू होते. दुसरा भाग 'एकावर एक फुकट', 'दोनच्या किमतीत तीन' अशा योजनांचा. महागाईचे कारण देऊन सरकारने तो पुढे ढकलला आणि अखेर १ ऑक्टोबर २०२५ रोजी तो अमलात आला.

बंदी कोणत्या पदार्थांवर, हे दोन चाळण्यांनी ठरते. पदार्थ शीतपेये, चिप्स, गोड बिस्किटे, केक, आइस्क्रीम, न्याहारीची धान्ये अशा तेरा गटांपैकी एकात बसला पाहिजे आणि पोषणाच्या गुणांकनातही तो नापास झाला पाहिजे.

मीटरपट्टीचे काम

जागेचा नियम आम्हाला फार आवडला, कारण तो मोजता येतो. काउंटरपासून २ मीटरच्या आत हे पदार्थ नकोत. प्रवेशद्वाराचे अंतर दुकानाच्या आकाराप्रमाणे बदलते. चौरस मीटरमधील क्षेत्रफळाला ०.०३ ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. १२०० चौरस मीटरच्या दुकानात हा गुणाकार ३६ येतो आणि अंतर ६ मीटर. ७५०० चौरस मीटरच्या दुकानात ते १५ मीटर होते. दुकान याहून मोठे असले तरी अंतर १५ मीटरच राहते. दाराच्या मध्यबिंदूपासून पट्टी लावायची की झाले. आठवीच्या मुलांनी वर्गात सोडवावे असे हे गणित आहे. त्याबद्दल दुकानदाराला वाद घालता येत नाही आणि तपासनिसालाही डोळेझाक करता येत नाही.

गुणांचे काम

अडचण पुढे येते. १०० ग्रॅम पदार्थातील ऊर्जा, साखर, संपृक्त मेद आणि सोडियम यांना प्रत्येकी ० ते १० दोषगुण मिळतात. ऊर्जेच्या दर ३३५ किलोज्यूलला, साखरेच्या दर ४.५ ग्रॅमला, संपृक्त मेदाच्या दर ग्रॅमला आणि सोडियमच्या दर ९० मिलिग्रॅमला एक दोषगुण वाढतो. फळे-भाज्या-कवचफळे, तंतू आणि प्रथिने यांचे प्रत्येकी ५ पर्यंत गुण त्यातून वजा होतात. मात्र दोषगुण ११ किंवा अधिक झाले, तर प्रथिनांचे गुण सहसा धरत नाहीत. शेवटी ४ किंवा अधिक गुण उरले की खाद्यपदार्थ नापास. पेयाला १ गुणही पुरतो.

समजा, एका बिस्किटात १८८० किलोज्यूल ऊर्जा, २५ ग्रॅम साखर, ५.५ ग्रॅम संपृक्त मेद आणि ०.७ ग्रॅम मीठ आहे. मिठाला २.५ ने भागले की सोडियम मिळते. येथे ते २८० मिलिग्रॅम. दोषगुण झाले ५, ५, ५ आणि ३, एकूण १८. तंतू आणि फळांचे जास्तीत जास्त, म्हणजे १० गुण वजा केले तरी ८ उरतात. निकाल उघड आहे.

आता न्याहारीचे एक धान्य घेऊ. ऊर्जा १६०० किलोज्यूल, साखर २१ ग्रॅम, संपृक्त मेद १.२ ग्रॅम, सोडियम १०० मिलिग्रॅम. दोषगुण १०. प्रथिने ८.५ ग्रॅम असल्याने ५ वजा झाले, उरले ५. त्यात फळे वा कवचफळे नाहीत असे धरू. तंतू ०.८ ग्रॅम असतील तर एकही गुण वजा होत नाही आणि पदार्थ नापास होतो. तंतू ३ ग्रॅम असतील तर आणखी ३ गुण जाऊन तो पास होतो. म्हणजे सारा निकाल तंतूंवर आला. आणि तेथील पाकिटावर ऊर्जा, मेद, साखर, प्रथिने, मीठ हे छापणे सक्तीचे असले, तरी तंतूंचे प्रमाण छापणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे!

उघड गोष्टीसाठी तपासनीस लागत नाही. तो लागतो सीमारेषेवरच्या पदार्थांसाठी. नेमके तेथेच पाकीट हातात धरून त्याला निकाल देता येत नाही. त्याला माहिती मागवावी लागते, आणि ती ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच येते.

तपासनीस किती?

ही तपासणी स्थानिक प्रशासनाने करायची आहे. दुकानाच्या तपासणीचे बरेचसे काम पाहणारा व्यापार-मानके विभाग तेथे आधीच रोडावलेला होता. २००९ नंतरच्या सात वर्षांत त्याचे कर्मचारी निम्म्याहूनही कमी झाले, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ साली नोंदवले होते. नियम मोडल्याचे आढळले तरी आधी सुधारणेची नोटीस द्यायची. ती पाळली नाही तरच गुन्हा, आणि खटल्याऐवजी २,५०० पौंडांचा दंड करण्याची मुभा. शेकडो दुकाने चालवणाऱ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस.

शिवाय पळवाटा आहेतच. तीन पाकिटे दोनच्या किमतीत देणे मना आहे, पण तेच पाकीट निम्म्या किमतीत विकायला हरकत नाही. पाकीटबंद नसलेले खाद्यपदार्थ नियमाबाहेर आहेत. लहान व्यवसायांना सूट देणे आम्हाला समजते, पण निम्म्या किमतीची सूट कोणाच्या सोयीसाठी ठेवली हे समजत नाही.

आपल्या दाराशी

आपल्याकडचा नियम दुकानाच्या आतल्या मांडणीचा नाही, शाळेच्या दाराचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली केलेल्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत संपृक्त मेद, ट्रान्स मेद, साखर किंवा सोडियम जास्त असलेल्या पदार्थांची शाळकरी मुलांना विक्री किंवा जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्र सरकारने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला होता.

५० मीटर मोजणे सोपे आहे. पण टपरीवरच्या वडापावला पाकीट नाही आणि टपरीवर लटकणाऱ्या चिप्सच्या पुडीवरही निकाल छापलेला नाही. मग मुख्याध्यापकांनी काय करायचे? फेरीवाल्याला हाकलणे सोपे असते, शेजारच्या पक्क्या दुकानाला जाब विचारणे अवघड. निकाल कोणालाच ताडून पाहता येत नसेल, तर नियमाचा बडगा दुबळ्यावरच पडतो.

आम्हाला वाटते, यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे. गुणांकनाचा निकाल पाकिटावरच छापायला लावावा. इंग्लंडमध्ये हे पदार्थ मोठ्या दुकानांत पोहोचायचे तर कोणाला ना कोणाला हे गणित करावेच लागते. केलेल्या गणिताचे उत्तर छापायला कितीशी शाई लागणार? उत्तर छापले की ते प्रत्येक गिऱ्हाईक ताडून पाहू शकेल, आणि तपासनीस एका विभागापुरते उरणार नाहीत.

तोवर वर्गात एक काम करता येईल. मुलांना घरची रिकामी पाकिटे आणायला सांगा. आपल्याकडे सोडियम थेट छापलेले असते. ऊर्जा किलोकॅलरीत असते, तिला ४.१८४ ने गुणले की किलोज्यूल मिळतात. गुण काढा. कोणत्या पाकिटांचा निकाल लागत नाही आणि कोणत्या आकड्यावाचून तो अडतो, ते फळ्यावर लिहा. कायद्यात काय कमी आहे, ते त्या यादीवरून मुलांना कोणी न सांगताच कळेल.