दोन फुटी पट्टीचा उजेड

दुपारी दोन वाजता टायमरचा खटका पडतो आणि मोहोळच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, दुसऱ्यांदा उजाडतं. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असतं. खिडक्या लावून घेतलेल्या, पडदे ओढलेले. त्या अर्धवट अंधारात दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशा काचेच्या टाकीवर पांढरा उजेड उतरतो. पहिल्या तासाभरात फार काही घडत नाही. गप्पी मासे पुढच्या काचेशी येतात, वाळूत चोच मारल्यासारखं करतात आणि परत फिरतात. चारच्या सुमाराला मात्र वॅलिसनेरियाच्या एका लांब, रिबिनीसारख्या पानाच्या मोडलेल्या जागेतून बुडबुडे सुटू लागतात. बारीक, एकामागून एक, सारख्या अंतरानं, कुणीतरी दोऱ्यात ओवत असावं तसे. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत माळ पोचते, फुटते, खालून पुन्हा ओवली जाते.

अकरावीच्या प्रयोगशाळेत हे प्रत्येकानं पाहिलेलं असतं. चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यावर उपडं काचेचं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली उपडी परीक्षानळी, आणि सगळं उचलून उन्हात ठेवलेलं. नळीत वायू जमला की विझत आलेली काडी आत धरायची. ती भक्कन पेटायची. वहीत निष्कर्ष लिहिला की तास संपायचा. तो बुडबुडा किती सुंदर होता हे निष्कर्षात लिहायला जागा नव्हती. ते इथे, सुमारे दोनशे रुपयांच्या दिव्याखाली, चाळिशी ओलांडल्यावर मला दिसलं.

त्या दिव्याचंच रसग्रहण मला करायचं आहे. तो सोलापूर–पुणे रस्त्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून आणला. माशांच्या टाकीसाठी म्हणून वेगळा बनवलेला नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर लावतात तीच दहा वॉटची दोन फुटी एलईडी बॅटन. तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाच-सहा ओळी छापलेल्या असतात. कुणी वाचत नाही, मीही आधी वाचल्या नव्हत्या. पण एखादी जुनी ओवी जात्यावर ऐकताना सोपी वाटावी आणि मग एकेका शब्दापाशी थबकायला व्हावं, तसं त्या मजकुराचं झालं.

पहिली ओळ: १००० लुमेन. लुमेन म्हणजे उजेड खरा, पण माणसाच्या डोळ्यानं तोललेला. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. निळ्याला आणि गडद तांबड्याला कमी. पानाची आवड वेगळी. क्लोरोफिल सर्वांत आतुरतेनं घेतं ते निळं, साधारण ४३० ते ४५० नॅनोमीटरचं, आणि तांबडं, ६४० ते ६६०चं. हिरवं अगदीच वाया जातं असं नाही, पानाच्या आतल्या थरात तेही कामाला येतं. पण आवडीचा क्रम उलटा आहे. म्हणजे खोक्यावरचा हजाराचा आकडा आपल्यासाठी लिहिलेला आहे, झाडासाठी नाही. झाडापर्यंत काय पोचलं ते खोकं सांगू शकत नाही. तरीही अंदाज बांधायला तो आकडा उपयोगी पडतो. आमच्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता पंचेचाळीसेक लिटर पाणी आहे. हजाराला पंचेचाळिसानं भागलं की लिटरमागे बावीस लुमेन येतात. टाकीत झाडं वाढवणारे लोक दहा ते वीसला मंद उजेड म्हणतात, वीस ते चाळीसला मध्यम. काही उजेड बाजूला सांडतो. म्हणजे आमची टाकी मंद आणि मध्यम यांच्या शिवेवर उभी आहे. ही शीव पुढे फार महत्त्वाची ठरते.

दुसरी ओळ: ६५०० केल्विन, कूल डेलाइट. हा साधारण मध्यान्हीच्या, थोड्या ढगाळ आकाशाच्या उजेडाचा रंग. पण तो मिळतो कसा ते मोठं विलक्षण आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा ठिपका असतो, त्यावर पिवळसर लेप. निळ्यातला काही भाग लेपात शिरून पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं भासवतात. पट्टी बंद असताना झाकण काढून पाहिलं तर हळदीच्या बोटासारखे ते पिवळे ठिपके दिसतात. तांबडा एलईडी १९६२ पासून होता. निळा मिळायला आणखी तीस वर्षं लागली. तो घडवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि इथे एक योगायोग आहे, जो मला आठवला की दर वेळी आनंद होतो. काचेच्या टाकीत डोंगर, कुरण, जंगल उभं करण्याची कला ज्यानं जगभर नेली, तो जपानी छायाचित्रकारही आमानोच, ताकाशी आमानो. आधी सायकल शर्यतींत उतरणारा हा माणूस पुढे जंगलांची छायाचित्रं काढू लागला आणि तीच नजर त्यानं टाकीत उतरवली. २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं चाळीस मीटर लांबीची टाकी रचली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. एका आमानोनं पाण्याखालचं रान दिलं, दुसऱ्यानं त्या रानाला स्वस्त दिवस दिला. दोघांचं नातं काही नाही. आमच्या पुढच्या खोलीत मात्र ते रोज दुपारी दोनला भेटतात.

स्वस्त हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण त्यामागेही एक गोष्ट आहे. ५ जानेवारी २०१५ला एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदी एकदम कोट्यवधी दिव्यांची झाल्यामुळे, २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना घेतला जाणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. वीजबचतीसाठी केलेली ती खरेदी. पण तालुक्याच्या गावातल्या दुकानात दहा वॉटची पट्टी खडू-पेन्सिलीइतकी सहज मिळू लागली ती तेव्हापासून. त्याआधी टाकीत झाडं ठेवणं हा मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांचा प्रांत होता. क्रॉफर्ड मार्केटमधून खास दिवा आणायचा, चोकची गुणगुण ऐकायची, ट्यूब वर्षा-दीड वर्षात मंद झाली की पुन्हा मुंबई. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीत १९५१ साली उघडलेलं मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा, आणि त्यांना नाक लावून उभे आम्ही. तसलं काही घरात, आणि तेही मोहोळात, असू शकेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं.

आता रंगाबद्दल थोडं. ६५००च्या या पट्टीत गडद तांबडं कमी आहे. म्हणून टाकीतली लालसर रोटाला ही वनस्पती तिच्याखाली तपकिरी, रुसल्यासारखी दिसते. बाजारात जांभळा-गुलाबी उजेड टाकणारे, झाडांसाठीचे म्हणून दिवे मिळतात. झाड त्याखाली वाढतं, पण मासा जांभळा, वाळू जांभळी, सगळंच जांभळं. टाकी ही पाहायचीही गोष्ट आहे, म्हणून मला तो उजेड मानवत नाही. मी पट्टीच्या शेजारी पाच वॉटचा एक पिवळसर, ३००० केल्विनचा बल्ब जोडला. ज्वारीच्या भाकरीशेजारी शेंगाचटणी यावी, तसं झालं. थोडीच, पण जेवणाचा सूर बदलला. रोटालाच्या शेंड्यावर डाळिंबाच्या कोवळ्या पालवीचा रंग चढला.

तिसरी ओळ: २५,००० तास. रोज सात तास धरले तर पावणेदहा वर्षं. त्याचा अर्थ तेव्हा दिवा बंद पडेल असा नाही. बहुधा उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात. ही उतरण इतकी सावकाश असते की डोळ्याला उमगत नाही. झाडाला उमगते. खोड उंच, दोन पेरांतलं अंतर लांब, खालची पानं गळकी: झाडाचं हे हस्ताक्षर ज्याला वाचता येतं त्याला मीटरची गरज पडत नाही.

चौथी ओळ सर्वांत लहान आणि सर्वांत गंभीर आहे: आयपी २०. पहिला आकडा सांगतो की आत बोट जाणार नाही. दुसरा सांगतो की पाण्यापासून संरक्षण शून्य. ते शून्य मी दोनदा वाचलं. म्हणून पट्टी उघड्या पाण्यावर टांगायची नाही. टाकीवर काचेचं झाकण, झाकणाच्या वर पट्टी, आणि वायर बोर्डाकडे जाण्याआधी बोर्डापेक्षा खाली झोळ देऊन वळवलेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डात न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडेल. पाण्यात हात घालायचा तो बटण बंद करूनच. घरात लहान मूल असेल तर यातलं एकही वाक्य सैल करू नये.

पहिल्या वर्षी माझं चुकलं ते मात्र खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दिवाळीत पाहुणे येणार म्हणून मी सकाळपासून रात्री अकरापर्यंत दिवा लावून ठेवला, आणि पाहुणे गेल्यावरही ते तसंच चालू राहिलं. झाडांना उजेड हवा, मग जास्त उजेड जास्त चांगला, असं साधं गणित. तीन आठवड्यांत काचेवर हिरवी साय, पानांच्या कडांना केसांसारखं शेवाळ, आणि पाणी हरभऱ्याच्या पाल्यासारखं. खत बदललं, पाणी बदललं. उजेडावर संशय घ्यायचं सुचायला महिना गेला.

कारण असं की झाड नुसत्या उजेडावर जेवत नाही. त्याला कार्बन लागतो, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. ताट वाढलं, पण घास हाताशी यायला वेळ लागतो. मग उरलेला उजेड शेवाळ खातं. त्याची भूक लहान आणि तोंडं अनेक. मोठ्या शहरातले हौशी लोक वायूचं सिलिंडर लावून हा हिशेब जुळवतात. सिलिंडर नसेल तर दुसरी वाट अशी की उजेडच कार्बनच्या चालीनं चालवायचा. इथे ती मंद-मध्यमची शीव कामाला येते. महाग, तळपणारा दिवा आमच्या टाकीला झेपला नसता. ही साधी पट्टी झाडाला पळवत नाही. तिचं दुबळेपण मला आता तिचा गुण वाटतं. मी तीन दिवस टाकीला चादर गुंडाळून अंधार केला, नंतर दिवा सात तासांवर आणला. महिन्याला वीज लागते ती बल्बसकट तीन युनिटच्या आसपास. दिवाळीनंतरची ती हिरवी साय परत आली नाही.

आणि मोहोळचं पाणी! ज्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरे क्षार बसतात, डाळ शिजायला वेळ घेते, त्या बोअरच्या पाण्याला आम्ही आयुष्यभर नावं ठेवली. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला मात्र त्यातल्या विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेऊ शकतात. सगळ्या झाडांना ते जमत नाही. गप्पीलाही असलंच जड पाणी मानवतं. हे मासे तर आमच्याकडे शोभेसाठी आलेच नाहीत. हिवताप विभागाची माणसं डबक्यात, हौदात सोडायला सांगतात तेच हे, डासांच्या अळ्या खाणारे. माझ्या टाकीतली पहिली सहा पिल्लं एका शेजाऱ्यांच्या हौदातली. मऊ, आम्लधर्मी पाण्यातले नाजूक निऑन टेट्रा आणून त्यांना इथे तगवण्यापेक्षा, जे पाणी आहे त्यातच रुजणारं निवडलं की ती पट्टीही पुरते आणि माणूसही सुखी राहतो. काही मित्र म्हणतात कासहून वायतुरा आणू. साताऱ्याच्या पठारावरची ती पाणवनस्पती तिथल्या पावसाच्या पाण्यावर आणि मोकळ्या आभाळावर वाढते. तिला तिथेच जाऊन पाहावं, हात लावू नये.

उन्हाळा ही आमची खरी परीक्षा. पंचवीस अंशांना लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तिसाला सातपेक्षा कमी. एलईडी आपली उष्णता पाठीमागच्या पट्टीत सोडतो, पाण्यावर ओतत नाही, हे त्याचं एक उपकारच. तरी मे महिन्यात झाकण चार बोटं सरकवून ठेवतो, हवेची मोटर रात्रभर चालू ठेवतो. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, हे विसरून चालत नाही.

उजेड मोजण्याची गोष्ट मोहोळला नवी नाही, असं मला राहून राहून वाटतं. मालदांडी ३५-१ ही ज्वारी इथल्याच संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडली गेली. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात, आणि दिवस आखडू लागल्याचं ती ओळखते. खरं तर ती रात्रीची लांबी मोजते. शेवंती लावणारे शेतकरी याच मोजणीत हात घालतात. रात्री शेतात दिवे लावून लांब रात्र मधेच तोडतात, म्हणजे झाड फुलायचं थांबून वाढत राहतं. माझे वडील ज्वारी हुरड्यावर कधी येईल हे पंचांग न उघडता सांगायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘‘तिला ठाऊक असतं रे.’’

टाकीच्या डाव्या कोपऱ्यात लिम्नोफिला आहे, दुकानदार जिला अंबुलिया म्हणतात ती. बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक, पिसारलेली पानं. टायमर नऊचा लावलेला आहे. साडेआठ वाजून गेले की पट्टी अजून तशीच लख्ख असते, गप्पी फिरत असतात, वॅलिसनेरियाची माळ विरळ होत आलेली असते. आणि लिम्नोफिलाच्या शेंड्यावरची पानं एकेक करून वर उचलली जातात, आतल्या कळीभोवती मिटू लागतात. नऊला दहा मिनिटं असताना सगळे शेंडे मिटलेले असतात. मग खटका पडतो.