हिवाळ्याचे उपक्रम : कापसाचा बर्फ आणि खोबरेलाची बाटली

डिसेंबर उजाडला की प्राथमिक शाळांतून ‘हिवाळा’ हा विषय उपक्रमासाठी निवडला जातो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पहिली ते चौथीच्या वर्गांत अशा उपक्रमांतून तयार झालेले साहित्य आम्ही पाहत आलो आहोत. त्यात तीन गोष्टी वारंवार दिसतात : कापूस चिकटवून केलेला बर्फाचा माणूस, स्वेटर, कानटोपी, शाल यांची चित्रे लावलेला ‘गरम कपडे’ हा तक्ता, आणि ‘हिवाळ्यात दव पडते, दिवस लहान असतो’ अशी फळ्यावरून वहीत उतरवलेली वाक्ये.

बर्फाच्या माणसावर नेहमीचा आक्षेप असा की तो परका आहे. आक्षेप खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच्या जागी गुऱ्हाळ, हुरडा आणि उसाची गाडी यांची चित्रे चिकटवली, तरी मूळ उणीव तशीच राहते. ती अशी की या उपक्रमांत शोधण्यासारखे काहीच नसते. उत्तर आधी ठरलेले असते. मुलाने ते रंगवायचे किंवा चिकटवायचे. कात्री आणि डिंक वापरण्याचा सराव होतो, हे मान्य. मात्र त्याला परिसराचा अभ्यास म्हणता येणार नाही. कापसाचा बर्फ थंडही लागत नाही आणि वितळतही नाही. मग त्यातून बर्फाविषयी तरी काय कळणार?

‘गरम कपडे’ या तक्त्याचेच पाहा. स्वेटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तो शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करतो. ‘गरम कपडे’ हा शब्द मात्र मुलाच्या मनात नेमका उलटा समज पक्का करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील चौथीच्या एका वर्गाचा वृत्तान्त ब्रूस वॉटसन व रिचर्ड कोनिसेक यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. त्या मुलांनी स्वेटरमध्ये तापमापक गुंडाळून ठेवले आणि पारा चढण्याची वाट पाहिली. पारा चढला नाही. तरी मुलांनी आपले मत सोडले नाही. वेळ कमी पडला असेल, आत गार हवा शिरली असेल, असे म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा मांडला. बाईंनीही त्यांना मांडू दिला. समज असा सहज सुटत नाही. एका तक्त्याने तर मुळीच नाही.

आपल्याकडे यासाठी तापमापकही लागत नाही. शुद्ध खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. साताऱ्यात आणि सांगलीत डिसेंबरच्या सकाळी बाटलीतले तेल पांढरे घट्ट झालेले असते आणि दुपारपर्यंत पातळ होते. सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत सारखेच थिजलेले तेल घ्यावे. एक बाटली स्वेटरमध्ये गुंडाळावी, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही वऱ्हांड्यात सावलीत ठेवून कोणते तेल आधी पातळ होईल, हे मुलांना विचारावे आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. बहुतेक मुले गुंडाळलेल्या बाटलीकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात उघडी बाटली आधी पातळ होते, कारण स्वेटर बाहेरची ऊबही लवकर आत येऊ देत नाही. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरच्या शाळेत हे तेल सावलीत दिवसभर थिजलेलेच राहू शकेल. तेव्हा हिवाळा सर्व गावांत सारखा नसतो, हेही याच बाटलीतून कळते.

आता दव. दव ‘पडते’ म्हणजे पावसासारखे वरून येते, असा मुलांचा समज होणे स्वाभाविक आहे. निरभ्र रात्री गवत, पाने, पत्रे आपली उष्णता आकाशाकडे टाकतात व भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. त्यांना स्पर्श करणाऱ्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही पहाटे दिसणारे हिमकण याच कारणाने तयार होतात. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गवताचे पाते शून्याखाली जाऊ शकते. लहान मुलांना हे स्पष्टीकरण सांगायची घाई नको. त्यांनी रात्री दोन स्टीलच्या ताटल्या ठेवाव्यात, एक उघड्या अंगणात व दुसरी छपराखाली, आणि उजाडताच दोन्हींवरून बोट फिरवावे. एकदा निरभ्र रात्री आणि एकदा ढगाळ रात्री हे करून पाहिले म्हणजे प्रश्न मुलेच विचारतील.

तिसरे वाक्य ‘दिवस लहान असतो’. त्याला जोडून ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ असेही शिकवले जाते. हे तपासायला एक मीटरची सरळ काठी आणि सुतळी पुरे. आपल्या भागात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, डिसेंबरअखेर साडेबाराच्या सुमारास. त्या वेळच्या सावलीइतकी सुतळी कापून, तारीख लिहून भिंतीला टांगावी. साताऱ्यात २२ डिसेंबरला ती सुमारे ८७ सेंमी भरेल, सांगलीत ८५. जानेवारीत सूर्य थोडा उशिरा माथ्यावर येतो, म्हणून सर्वांत आखूड सावली मोजावी. १४ जानेवारीला साताऱ्यात ती सुमारे ८१ सेंमी भरेल. म्हणजे संक्रांतीपूर्वीच सूर्य परत फिरलेला आहे, हे दुसरीतल्या मुलालाही सुतळ्या पाहून सांगता येईल. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एकच होते. पुढे अयनचलनामुळे ते दुरावले. गंमत अशी की या काळात दिवस सहाएक मिनिटांनी वाढतो, तरी सूर्योदय मात्र आणखी उशिरा होत जातो. सकाळच्या शाळेला येणारे मूल ‘बाई, अजून उशिरा उजाडतं’ म्हणाले, तर ते बरोबर असते. अशा मुलाला ‘चूक’ म्हणून खाली बसवले, तर ते पुन्हा आकाशाकडे पाहून काही सांगणार नाही.

आमच्या टीकेचा मुद्दा हाच आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला दव आणि धुके म्हणजे बागेवर रोग, हे घरात ऐकून ठाऊक असते. कराड-वाळव्याकडे ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातील मुलाने कोपीतली पहाटेची थंडी अंगावर घेतलेली असते. ही मुले हिवाळ्याविषयी बरेच काही जाणून शाळेत येतात. तिथे त्यांना कापूस मिळतो. शाळेतले ज्ञान वेगळे आणि आपण पाहतो ते वेगळे, हा धडा मूल अशा वेळी न शिकवताच शिकते आणि तो पुढे सहजासहजी पुसला जात नाही.

शिक्षकांच्या अडचणी आम्ही जाणतो. पट मोठा, वेळ कमी, आणि भिंतीवरचा तक्ता पाहुण्यांना दिसतो, थिजलेली बाटली दिसत नाही. म्हणून सगळे तक्ते काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. मात्र हिवाळ्याचा कोणताही उपक्रम घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : यात मुलाचा अंदाज चुकण्याची शक्यता आहे का? असेल, तर मूल स्वतः पाहील आणि पडताळील. नसेल, तर ती सजावट समजावी आणि तिला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ देऊ नये.