भेंडी बाजार तोच, की दुसरा?



मिलिंदप्रश्नातला रथ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. भिक्खू नागसेन राजाला विचारतात, रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि तरी रथ तर समोर उभा असतो. शेवटी उरतं ते एवढंच, की ‘रथ’ हे त्या भागांच्या एकत्र येण्याला दिलेलं नाव आहे. आज हाच प्रश्न आम्ही मुंबईच्या भेंडी बाजाराला विचारणार आहोत. जुन्या इमारती पाडून तिथे मनोरे उभे राहताहेत. सगळं बांधून झाल्यावर जे उभं असेल, तो भेंडी बाजारच का?

आधी वस्तुस्थिती पाहू. सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना २००९ची. क्षेत्र साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. राहणाऱ्याला किमान ३५० चौरस फुटांचं घर, तेही मालकी हक्कानं आणि फुकट. दुकानदाराला दुकान. खर्च भागवायचा तो वाढीव चटईक्षेत्रावर बांधलेल्या जादा जागा विकून.

हे ऐकून ‘जुनं वैभव गेलं’ म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही एका तारखेची आठवण करून देऊ. ३१ ऑगस्ट २०१७ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, तेहतीस माणसं गेली. ती याच प्रकल्पाच्या हद्दीतली होती. छत डोक्यावर येत असताना कोरीव सज्जांचं कौतुक लांबून करणं सोपं असतं, बरं का. शिवाय ही पडझड काही दैवगती नव्हे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि व्यवहार पागडीवर गेला. तेव्हा बदल हवाच होता, याबद्दल आमचा वाद नाही. आणि मूळ रहिवाशांना शहराबाहेर न लोटता तिथेच घर देणं, ही गोष्ट आपल्याकडे मोलाचीच म्हणायची.

आमचा वाद आहे तो ‘मिश्र वापर’ या शब्दाशी. अशा प्रकल्पांची ओळख करून देताना तो नव्या शोधासारखा वापरला जातो. अहो, खाली दुकान, वर बिऱ्हाड, दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कामगार, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलंच आहे! फरक मिसळण्याच्या रीतीत आहे. जुन्या वस्तीत घर, धंदा आणि रस्ता यांच्या सीमा पुसट होत्या. मनोऱ्यात त्याच गोष्टी एकावर एक रचल्या जातात आणि मध्ये लिफ्ट येते. भाग तेच, पण त्यांची जुळणी दुसरी.

आता याच वस्तीच्या नावानं ओळखलं जाणारं गाण्याचं घराणं घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ मुरादाबादकडून येऊन इथे राहिले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. म्हणजे भेंडी बाजाराचं नाव देशभर नेलं ते बाहेरून आलेल्यांनी. त्यांना इथे पाय टेकायला जागा मिळाली म्हणून ते घडलं.

आमच्या मते कळीचा मुद्दा इथे आहे. प्रकल्पाचं वचन ‘कुटुंब’ आणि ‘दुकान’ या एककांत मोजलेलं आहे. जो दोन्हींत बसत नाही, तो हमाल, तो हातगाडीवाला, तो माळ्यावरचा कारागीर, त्याला या सूत्रात जागा कुठली? आणि जो अजून आलेलाच नाही, त्याची गणती कोण करणार? सगळ्या जागा मालकीच्या झाल्या, तर नवख्याला परवडणारी भाड्याची खोली कुठे उरेल? एकेकाळी कायद्यानं भाडं गोठवून तिचा जीव घेतला. आता मालकीहक्क देऊन आपण तिचा विधी उरकतो आहोत. राहिलेल्यांच्याही बाबतीत एक सांगायला हवं: घर फुकट मिळतं, पण मनोऱ्यात राहणं फुकट नसतं. लिफ्ट, पंप, देखभाल यांचा दरमहाचा खर्च जुन्या भाड्याशी ताडून पाहा.

यावर कुणी म्हणेल, ट्रस्टनं काय जगाचा मक्ता घेतलाय का? नाही घेतला. म्हणूनच हा प्रश्न आम्ही ट्रस्टपेक्षा महापालिकेला आणि शासनाला विचारतो. वाढीव चटईक्षेत्र ही सार्वजनिक देणगी आहे. तिच्या बदल्यात थोड्या लहान, कायम भाड्याच्याच राहतील अशा खोल्या आणि तळमजल्यावर छोट्या विक्रेत्यांसाठी मोकळी जागा मागणं काही अवाजवी नाही.

तर मग तो भेंडी बाजारच का? जे तिथे होते ते परत येतील, यावर त्याचं अर्धंच उत्तर ठरेल. उरलेलं अर्धं ठरवणारा माणूस आज कुठल्या तरी गावी गाडीची वाट बघत बसला असेल. उद्या तो वळकटी घेऊन तिथे उतरला, तर त्याला पाठ टेकायला जागा मिळेल का, एवढंच आपण पाहत राहू या.