शेड कार्डापलीकडचं विमान

युद्धोत्तर काळातल्या लढाऊ विमानांचे रंग शोधणं सोपं असणार, ही समजूत मॉडेल करणाऱ्यांमध्ये फार काळ टिकून आहे. रंगीत छायाचित्रं भरपूर, हवाई दलांचे लेखी आदेश उपलब्ध, प्रत्येक रंगाला अधिकृत क्रमांक, आणि ती विमानं रंगवणारी अनेक माणसं अजून आपल्यात आहेत. तरीही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मॉडेलकारांनी आणि विमानचित्रकारांनी जमवलेलं ज्ञान बारकाईनं तपासलं, तर स्पिटफायरच्या रंगाबद्दल जेवढ्या खात्रीनं बोलता येतं तेवढ्या खात्रीनं मिग-21 बद्दल बोलता येत नाही. याचं मूळ माझ्या मते एका सवयीत आहे. आपण क्रमांकालाच रंग मानून बसलो आहोत.

अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड 595 हे 1956 साली आलं. त्याची रचना सुरेख आहे. पाच आकड्यांतला पहिला आकडा चकाकी सांगतो: 1 चकचकीत, 2 अर्धवट चकचकीत, 3 मॅट. दुसरा आकडा रंगाचं कूळ सांगतो. 4 हिरवा, 5 निळा, 6 करडा. उरलेले तीन आकडे साधारणपणे गडदाकडून फिक्याकडे चढत जातात. व्हिएतनाम युद्धातल्या फँटमच्या पाठीवर 30219 हा मातकट आणि 34102, 34079 हे दोन हिरवे, तर पोटावर 36622 हा फिका करडा, हे आज शाळकरी मॉडेलकारालाही पाठ असतं. ब्रिटिशांच्या बीएस 381सी मध्ये 641 म्हणजे डार्क ग्रीन आणि 638 म्हणजे डार्क सी ग्रे. पण ही मानकं खरेदीसाठी होती. पुरवठादाराचा डबा उघडला की रंग कार्डाशी ताडून पाहायचा आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं, एवढं त्यांचं काम. दा नांगच्या उन्हापावसात दोन वर्षं उभ्या राहिलेल्या विमानाबद्दल ती काही सांगत नाहीत.

या क्षेत्रातलं चांगलं काम हा फरक ओळखणाऱ्यांनीच केलं आहे. आरएएफ म्युझियमच्या मालिकेत 1976 साली महायुद्धकालीन ब्रिटिश रंगांवर पुस्तक निघालं, त्यात छापील रंग न वापरता प्रत्यक्ष रंगाच्या पट्ट्या लावल्या होत्या. जॉन एलियट यांनी अमेरिकी नौदलाच्या विमानरंगांवर केलेल्या ग्रंथमालेतही खऱ्या रंगाचे नमुने आहेत. डॅना बेल यांनी अभिलेखागारातल्या आदेशांना आणि पत्रव्यवहाराला छायाचित्रांइतकंच महत्त्व दिलं. छपाईची शाई चारच रंगांतून सगळे रंग उभे करते. तिच्यातून उमटलेल्या ऑलिव्ह हिरव्यावर विश्वास ठेवून एअरब्रश हातात घेणं म्हणजे ऐकीव माहितीवर साक्ष देणं.

आदेश, डब्यातला रंग आणि धावपट्टीवरचं विमान किती दूर जाऊ शकतात, याचं 1982 च्या फॉकलंड युद्धातल्या सी हॅरियरइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. शांततेच्या काळात ही विमानं वरून चकचकीत एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून पांढरी होती. एप्रिलमध्ये ताफा दक्षिणेकडे निघाला आणि पांढरं पोट धोक्याचं ठरलं. मग भर समुद्रात ते झाकण्याचं काम सुरू झालं. हर्मीस या विमानवाहू जहाजावर ते ब्रशनं झालं, इन्व्हिन्सिबलवर फवाऱ्यानं. राउंडेलमधला पांढरा रंगही बुजवला गेला. क्रमांकाच्या दृष्टीनं दोन्ही जहाजांवरचा रंग एकच, बीएस 381सी मधला 640. पण ब्रशच्या फराट्यांखालून जुना पांढरा कुठे किती डोकावत होता, नव्या हाताची चकाकी जुन्या रंगाशी कुठे जुळत नव्हती, हे सगळं जहाजागणिक आणि विमानागणिक वेगळं. मागाहून आलेल्या 809 स्क्वाड्रनची विमानं तर फिक्या करड्या रंगांत होती. त्यांतल्या एका रंगाला बार्ली ग्रे हे नाव फिलिप बार्ली या संशोधकावरून पडलं. दुकानातली बाटली यातलं काहीच सांगत नाही. तारीखवार छायाचित्रं मांडून बसावं लागतं.

ही कथा आपल्या किनाऱ्यालाही येऊन भिडते. हर्मीस 1987 साली विराट होऊन भारतीय नौदलात आली. त्याआधी डिसेंबर 1983 मध्ये दाबोळीला उतरलेली आपली पहिली सी हॅरियर त्याच गडद करड्या आणि पांढऱ्या जोडीत होती, म्हणजे ब्रिटिशांनी युद्धात टाकून दिलेल्या पोशाखात. पुढे तीही करडी झाली. गोव्याच्या नौदल विमानसंग्रहालयात जाऊन मॉडेलसाठी रंग टिपणारे बरेच जण भेटतात. त्यांचा उत्साह मला फार आवडतो, पण उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात ठेवलेल्या विमानाला रंगाचे हात पुन्हा पुन्हा द्यावेच लागतात. तिथे टिपलेला रंग शेवटच्या डागडुजीचा असतो. त्या विमानावरून कॉकपिटची ठेवण, पॅनेलांच्या रेषा, चाकांची घडण अभ्यासावी, रंग नव्हे.

छायाचित्रांचंही असंच. कोडाक्रोमच्या पारदर्शिका अंधारात जपल्या तर दशकानुदशकं टिकतात, पण त्या काळातल्या इतर अनेक रंगीत फिल्मांमधला निळसर थर आधी विरतो आणि चित्र लालीकडे झुकतं. त्यामुळे तपकिरी छटा दिसली की आधी त्याच चित्रातला ढग किंवा सिमेंटची धावपट्टी पाहावी. ती गुलाबी असेल तर तपकिरी रंग विमानाचा नसून फिल्मचा आहे.

छोट्या मॉडेलवर रंग फिका करावा का, हा वाद जुना आहे. 1/72 प्रमाणात रंगात सुमारे 15 टक्के पांढरा मिसळावा, असं एक कोष्टक अनेक वर्षं फिरत आलं आहे. नजरेचा अंदाज म्हणून ते ठीक आहे, नियम म्हणून नाही. पांढऱ्यानं रंग नुसता उजळत नाही, थंडही होतो आणि ऑलिव्हसारख्या छटेचा जीवच जातो.

खरी कसोटी भारतीय हवाई दलाच्या विमानांची. हंटर ब्रिटिश रंगसंगतीत आली, म्हणून तिथे निदान बीएस क्रमांकांपासून सुरुवात करता येते. मिग-21 ची गोष्ट वेगळी. ती आली चकाकत्या धातूच्या अंगानं. 1971 च्या युद्धातल्या मिग-21 एफएलवर हिरव्या छटा तळांवरच चढवल्या गेल्या, आणि नक्षी स्क्वाड्रनगणिक, कधी विमानागणिक बदलली. अशा विमानाच्या चित्राखाली अमेरिकी 34079 लिहिलं जातं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की कुणाला तरी, कुठल्या तरी फोटोत तो हिरवा तसा वाटला. पुढचा चित्रकार तो क्रमांक उचलतो, तिसरा डेकलच्या पत्रकावर छापतो, चौथी कंपनी त्याची बाटली काढते. अंदाजाला पुराव्याचं रूप येतं. विमानाचं एका बाजूनं काढलेलं चित्र हा या कलेचा सर्वांत लोकप्रिय प्रकार, आणि इथे सर्वांत मोठी जबाबदारी त्याच्यावरच आहे. फोटोत दिसलेलं काय आणि चित्रकारानं पुरवलेलं काय, हे चित्राखाली लिहिण्याची पद्धत पडली नाही. ती पडायला हवी, कारण पंखांच्या वरची नक्षी बहुतेक वेळा पुरवलेलीच असते.

महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना इथे मोठी संधी आहे. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलनं मिग-21 ची एफएल, एम आणि बिस ही रूपं बांधली, नंतर मिग-27 ही. तिथल्या पेंट शॉपमध्ये आयुष्य घालवलेले कामगार आज निवृत्त होऊन त्याच परिसरात राहत असणार. डबे कुठून यायचे, थिनर किती पडायचा, प्रायमर कोणता, विमान ओव्हरहॉलला आलं की जुना रंग पूर्ण उतरवायचे की त्यावरच हात मारायचे, या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही शेड कार्डात नाहीत. ती मराठीत विचारून मराठीतच नोंदवता येतील.

दुसरं काम अधिक निकडीचं. मिग-21 नं 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निरोप घेतला. निवृत्त विमानं चौथऱ्यांवर चढतात, आणि चढण्याआधी किंवा नंतर ताजा रंग लेतात. उघडझाप होणाऱ्या झडपांच्या आतल्या कडा आणि पॅनेलांच्या एकमेकांखाली दडलेल्या पट्ट्या उन्हापासून वाचलेल्या असतात. तिथे जुना थर सापडण्याची शक्यता सर्वाधिक. बारीक पॉलिश पेपरनं एखादा इंच टप्प्याटप्प्यानं घासला की थरामागून थर उघडतात. प्रत्येक थराचं स्पेक्ट्रोफोटोमीटरनं मोजमाप घ्यावं, सोबत विमानाचा अनुक्रमांक, पॅनेलची जागा आणि तारीख लिहावी. परवानगीसाठी अर्ज रंगाऱ्याचं कंत्राट निघण्यापूर्वीच गेला पाहिजे.