कलावंताचे वेड आणि मनाची ओळख

वयात येणाऱ्या मुलामुलींना नटनट्यांचे वेड लागावे, ही गोष्ट आजची नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बालगंधर्वांचे वेड होते. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) या पुरुषाने शालू नेसून रंगभूमीवर पाऊल टाकले की पुरुष भान विसरत आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसण्याचा व गजरा माळण्याचा प्रयत्न करीत. पुढे बोलपट आले. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मधील ती ऐटदार माया, म्हणजे नादिरा, म्हणजेच फ्लॉरेन्स एझिकेल. बगदादी घरातली का होईना, पण आपल्याच धर्माची मुलगी, म्हणून तिचे कौतुक आपल्याकडे जरा जास्तच होते. इस्राएलला आल्यावर पाहिले तर इथेही तोच प्रकार. १९७८ साली मी उल्पानमध्ये अलेफ-बेत गिरवत होते, तेव्हा वर्गातल्या मुलींच्या वह्यांतून त्स्विका पिक या लांब केसांच्या गायकाची कात्रणे डोकावत असत. भाषा कुणालाच धड येत नव्हती, पण हे एक नाव सगळ्यांना येत होते.

या वेडाकडे मोठी माणसे बहुधा दोन तऱ्हांनी पाहतात. मुलीने नटाचा किंवा मुलाने नटीचा फोटो लावला तर हसून सोडून देतात. परंतु मुलीने नटीचा फोटो उशाखाली ठेवला, किंवा मुलगा एखाद्या गायकाकडे नको इतका टक लावून पाहू लागला, की घाबरतात आणि म्हणतात, "या सिनेमाने पोर बिघडवलं." कलावंताच्या वेडातून एखाद्या मुलाला आपण समलिंगी आहोत याची प्रथम जाणीव होते, ही गोष्ट खरी आहे. पण जाणीव होणे वेगळे आणि बिघडणे वेगळे. हा फरक समजून घेण्यासाठी मी दोन कलाकृतींचे परीक्षण करणार आहे. एक आपल्या मायबोलीतले नाटक आहे, दुसरी आपण राहतो त्या देशातली दूरदर्शन-मालिका.

नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट'. ते १९८१ साली रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका केली. नाटकातला काळ जुना आहे, पुण्याच्या कॉलेजातला. मित्राची सगळी हकिगत आपल्याला बापू सांगतो. हा साधा, थोडा बुजरा मुलगा तिचा मित्र आहे. मित्राला पुरुषांविषयी ओढ नाही, ती तिला नमा या मुलीविषयी आहे. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते व नमा नायिकेची, आणि तिथून पुढे गोष्ट वाढत जाते. बापू त्या दोघींना भेटण्यासाठी आपली खोली देतो, नमावर हक्क सांगणारा मन्या दळवी आडवा येतो आणि अखेर मित्रा आत्महत्या करते.

या नाटकाचे मोठेपण असे की मित्रा रडूबाई नाही. ती फटकळ आहे, हट्टी आहे, प्रसंगी बापूशी निष्ठुरपणे वागणारी आहे. तेंडुलकरांनी तिला दयेचा विषय केले नाही. १९८१ साली मराठी रंगभूमीवर अशी स्त्री आणणे हे धैर्याचेच काम होते. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मित्राला आपले प्रेम चारचौघांसमोर दाखविण्याची मुभा मिळते ती फक्त रंगमंचावर, पुरुषाच्या कपड्यांत. ज्या महाराष्ट्राने पुरुषाला शालू नेसवून डोक्यावर घेतले, त्याच महाराष्ट्रात मुलीने विजार घालून नायिकेचा हात धरला की कुजबूज सुरू होते. तेंडुलकर याबद्दल भाषण देत नाहीत, प्रसंग मांडून ठेवतात.

तरीही हे नाटक वाचताना मला एका गोष्टीची उणीव जाणवते, आणि ती सुरुवातीच्या वेडाशी जोडलेली आहे. मित्राजवळ कुणाचा फोटो नाही. तिच्यासारखी दुसरी स्त्री तिने ना पडद्यावर पाहिली, ना पुस्तकात, ना शेजारच्या घरात. आपण कोण आहोत हे तिला कळते ते स्वतःच्या देहाची परीक्षा घेऊन, आणि त्या शोधात आनंदाचा एक क्षणही नाही. इतर मुलींना पंधराव्या वर्षी जे फुकट मिळते, म्हणजे दुरूनच एखाद्यावर जीव जडवणे, त्याची स्वप्ने पाहणे, मैत्रिणीशी त्याबद्दल तासन्‌तास बोलणे, ते मित्राच्या वाट्याला येत नाही. तिची पहिली तालीमच खरी लढाई ठरते. त्यातून गोष्ट सांगणारा बापू आहे, त्यामुळे तिच्या अंतरंगात आपण फारसे शिरत नाही, दारातून पाहत राहतो.

त्या वेळचा कायदाही आठवावा. हिंदुस्थानात इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले ३७७ कलम होते. इथे पॅलेस्टाइनवर इंग्रजांचे राज्य असताना त्यांनी तसाच कायदा ठेवून दिला होता. क्नेसेतने तो १९८८ साली काढून टाकला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून मुक्त केले. म्हणजे 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आली तेव्हा आपल्या दोन्ही देशांत एकाच सरकारने मागे ठेवलेला कायदा लागू होता. तो कायदा मुख्यतः पुरुषांच्या मागे लागला. मित्रासारख्या स्त्रीला तर त्याने गुन्हेगार म्हणूनही ओळख दिली नाही.

आता दुसरी कलाकृती. दिग्दर्शक एतान फॉक्स यांची चार भागांची संगीत-मालिका २००९ साली आली. हिब्रू नाव 'तामीद ओतो हलोम', म्हणजे 'नेहमी तेच स्वप्न', आणि परदेशी ती 'मेरी लू' या नावाने दाखवली गेली. यातली गाणी सगळी त्स्विका पिक यांची, म्हणजे आमच्या उल्पानच्या वह्यांतल्या त्याच लांब केसवाल्याची. मेईर या मुलाची आई पिकची भक्त. तो लहान असताना ती घर सोडून निघून जाते. ती त्या गायकाकडे गेली असावी, असे मेईरच्या मनाने घेतलेले असते. शाळेत त्याचे प्रेम गाब्रिएल नावाच्या मुलावर बसते, ती गोष्ट उघडी पडते, सर्वांदेखत मानहानी होते आणि तो आईला शोधायला तेल अवीव गाठतो. तिथे स्त्रीवेशात गाणाऱ्या तरुणांच्या मेळ्यात तो सामील होतो आणि रंगमंचावर मेरी लू बनतो.

फॉक्स यांनी एक गोष्ट फार नेमकी पकडली आहे. मेईरला पिकचे वेड आहे, पण त्याचे प्रेम पिकवर नाही, गाब्रिएलवर आहे. गायकाने त्याला प्रेम शिकवले नाही, प्रेम व्यक्त करायला गाणे दिले. जे बोलायला तोंड उघडत नाही, ते तो दुसऱ्याच्या गाण्यातून म्हणून टाकतो. आणि गंमत पाहा, स्वतः पिक हे संसारी, लेकीबाळींचे गृहस्थ. तरी त्यांची गाणी इथल्या असंख्य समलिंगी तरुणांनी आपलीशी केली. १९९८ साली बर्मिंगहॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत डाना इंटरनॅशनल हिने ज्या 'दीवा' गाण्यावर इस्राएलला पहिला नंबर मिळवून दिला, त्याची चालही पिक यांचीच. २०२२ साली ते वारले. तेव्हा कलावंत कसा आहे याला येथे महत्त्व नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून आहे, त्याला तो सूर सापडतो इतकेच.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. सगळी अडचण गाण्याने सुटते आणि तेल अवीवला पोचले की माणूस मोकळा होतो, असा समज ती करून देते. दिमोना, लोद, अश्दोद इथल्या आपल्या घरांत जिथे मामा-मावश्या एकाच जिन्यात राहतात, तिथल्या मुलाने काय करावे, याचे उत्तर तिच्यात नाही. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. आई निघून जाणे आणि मुलगा समलिंगी असणे या दोन गोष्टी इतक्या जवळ ठेवल्या आहेत की एखादी आजी सहज म्हणेल, "बघा, आई नाही म्हणून असा झाला." तसे नसते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आईबापांच्या वागणुकीमुळे ती येते हा जुना समज टिकलेला नाही. फॉक्स यांना हे नक्की ठाऊक असणार, पण कथेच्या सोयीसाठी त्यांनी जुन्या समजाला दार किलकिले ठेवले.

वाचक म्हणतील, नाटक-मालिकांचा हा काथ्याकूट आपल्याला कशाला? म्हणून एक अनुभव सांगते. नाव-गाव सांगणार नाही. इथल्या इस्पितळांत माझी हयात गेली. हिब्रूत नर्सला 'आखोत' म्हणतात, म्हणजे बहीण, आपल्या 'सिस्टर' सारखेच. एका रात्रपाळीला पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गोळ्या खाल्लेल्या अवस्थेत आणली गेली. पोट साफ केले, सलाईन लावले. आई बाहेर बाकावर बसली होती, ती आपल्यातलीच निघाली. मला मराठीत म्हणाली, "सिस्टर, आम्ही मारलं नाही हो, नुसते फोटो फाडले." फोटो एका नटीचे होते. पहाटे मुलगी शुद्धीवर आली. मी तिला फोटोंबद्दल विचारले तर म्हणाली, "फोटोंचं काही नाही, आखोत. पण फाडताना ईमा म्हणाली की असली माणसं आपल्यात नसतातच." चौथ्या दिवशी ती बरी होऊन घरी गेली. पुढचे मला माहीत नाही.

त्या मुलीचे वाक्य आणि मित्राची गोष्ट मला एकच वाटते. मित्रालाही कुणी वेगळे सांगितले नव्हते की असली माणसे असतात. फोटो फाडण्याने त्या मुलीचा स्वभाव बदलणार नव्हता. तिच्याजवळ आपल्या मनाशी बोलण्याचे जे एकमेव साधन होते, ते मात्र गेले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. फोटो हा कारण नाही तसा पुरावाही नाही. नादिराचा फोटो जपणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना तिच्यासारखा झगा घालायचा होता, तिच्यासारखी मान वेळावायची होती. एखादीच अशी असेल जिला तिच्यासारखे व्हायचे नव्हते, तिच्याजवळ बसायचे होते. कित्येकींना त्या वयात या दोन इच्छांतला फरक सांगताही आला नसता. पहिली ओढ साधारण दहा-बारा वर्षांच्या सुमारास जाणवू लागते, पण तिचे नाव कळायला काहींना चार वर्षे लागतात, तर काहींना चाळीस. तेव्हा फोटो पाहून आईबापांनी निदान करू नये. तापाचे निदानसुद्धा आम्ही नर्सेस नुसता चेहरा पाहून करत नसू. मूल सांगेल तेव्हा ऐकावे आणि तोवर ते सांगू शकेल असे घर ठेवावे. धर्मशास्त्राचा निवाडा करणे हे माझे काम नाही. पण जीव वाचवणे सर्वांत आधी, हे आपल्या धर्मातही सांगितले आहे आणि माझ्या पेशातही.

आता या दोन कलाकृतींची तुलना करायची तर नाटक ही श्रेष्ठ कृती आहे यात मला शंका नाही. तेंडुलकरांची मित्रा मनातून जात नाही, मेईर मात्र गाणी संपली की पुसट होत जातो. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावे असे कुणी विचारले, तर मी मालिकाच सुचवेन, कारण तिच्यातला मुलगा शेवटी जिवंत आहे आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखी माणसे आहेत. नाटक मोठ्यांनी वाचावे आणि आपण बापू आहोत, मन्या आहोत, की नुसते कुजबुजणारे आहोत ते पाहावे. मालिका नातवंडांबरोबर बसून पाहावी. आणि पाहताना नेमका अवघड प्रसंग आला की चहा करायला उठू नये.