रोजचे पान

दिवाळी अंक आपण फराळासारखा वाचतो. राशिभविष्य चोरून आधी, मग कथा, मग व्यंगचित्रे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत अंक हातावेगळा होतो. काही ग्रंथ मात्र घरात भाकरीसारखे असतात. ते रोज लागतात. आमच्या औशात नाथ संस्थानाची परंपरा आहे, त्यामुळे हरिपाठाचा किंवा ज्ञानेश्वरीच्या नेमक्या ओव्यांचा नेम आम्हांला नवा नाही. ख्रिस्ती घरांत तसाच नेम बायबलचा असतो. अशा वाचनाने माणूस आतून वाढतो, ही श्रद्धा दोन्हीकडे आहे. या वाढीत मराठी भाषेचा वाटा किती, हा प्रश्न मात्र वाङ्मयाचा आहे.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज सव्वातीन अध्याय वाचले की वर्षात ग्रंथ पुरा होतो. स्कॉटलंडमधील पाद्री मॅकचेन यांनी १८४२ साली आखलेले वार्षिक कोष्टक आजही वापरात आहे. कॅथलिकांकडे रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात आणि इतर दिवसांनाही वाचने नेमून दिलेली असतात. शिस्त चांगलीच, पण तिच्यातला धोका पारायण करणाऱ्यालाही ठाऊक असतो. डोळे पुढे सरकतात आणि मन जागच्या जागी राहते.

नारायण वामन टिळकांची हकीकत येथे आठवते. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या साहेबाने त्यांना हे पुस्तक दिले. टिळक पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडले. ते पान त्यांना सोडवेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचन फळाला आले ते अशा अडण्यामुळे. म्हणून मला वाटते, रोजच्या वाचनाची कसोटी वाचक कोठे थांबला यात आहे. मात्र अडण्याचेही दोन प्रकार आहेत. कोणी भाषेपाशी अडतो, कोणी अर्थापाशी. पहिले अडणे दूर करणे हे भाषांतरकाराचे काम. दुसरे वाचकाचे भाग्य.

मराठीत हे काम प्रथम फादर स्टीफन्स यांनी ओवीला हाताशी धरून केले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना तशीच रसाळ कथा हवी होती, ती त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत दिली. कानाला तो ग्रंथ फार गोड आहे. पण ओवी वाहते आणि ऐकणाऱ्यालाही वाहून नेते. अडू देत नाही.

पंडिता रमाबाईंचा मार्ग अगदी वेगळा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. रमाबाई १९२२ साली वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला, आणि तोही तेथल्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या हातांनी. ज्या बाईला संस्कृताचा गंध नाही तिला ते वाचता यावे, हा त्यांचा आग्रह होता. स्वतः ‘पंडिता’ असून त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे जड शब्द शक्यतो दूर ठेवले. त्यात तोटाही झाला. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या कानाला ओळखीचे जिव्हाळ्याचे शब्द तेथे सापडत नाहीत. टिळकांच्या भक्तिगीतांत ते भरपूर आहेत. तरी रोजच्या पानासाठी मी रमाबाईंच्या बाजूने कौल देईन. साधे वाक्य वाचकाला आडोसा देत नाही. शत्रूवर प्रीती करा, हे इतक्या उघड्या मराठीत समोर आले म्हणजे भावकीच्या बांधावरचे भांडण आठवल्यावाचून राहत नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मध्ये हेच काम आजच्या वाचकासाठी केले. २०२० साली आमच्या शेजारी उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. संतसाहित्यावर प्रेम करणाऱ्या या धर्मगुरूच्या मराठीत कान आणि अर्थ या दोहोंची सांगड पडली आहे. २०२४ साली ते गेले, ग्रंथ आहे.

कोणत्याही धर्माच्या वाचकाने या सुट्टीत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पाच ते सात हे तीनच अध्याय घ्यावेत, आधी रमाबाईंचे आणि मग दिब्रिटोंचे. रोज थोडे, मोठ्याने, घरातल्यांना ऐकू जाईल असे वाचावे. जेथे अडायला होईल तेथे त्या दिवशी पुस्तक मिटावे. पुढचे पान उद्याही असतेच.