श्रवणालेखाच्या मर्यादा : श्रवणचेतेच्या अर्बुदाच्या संदर्भात

'अकूस्टिक न्यूरोमा' हे नावच सदोष होय. हे अर्बुद बहुधा तोल सांभाळणाऱ्या चेतेच्या आवरणपेशींतून उद्भवते. परंतु त्याहून गंभीर दोष श्रवणालेखाच्या रूढ वाचनात आढळतो. काही रुग्णांचा शुद्धस्वर-आलेख जवळजवळ प्राकृत येतो. मात्र त्या कानाला दूरध्वनीवरील बोलणे उमगत नाही. आवाज वाढविला असता शब्दांचे आकलन कित्येकदा उलट घटते. अशा रुग्णास केवळ आलेखावरून 'श्रवण उत्तम' असा शेरा देणे अशास्त्रीय म्हणावे लागेल. मस्तिष्कस्तंभाच्या प्रतिसादाची चाचणी अधिक सूक्ष्म खरी, पण १ सेंटिमीटरहून लहान अर्बुदे तिलाही चकवितात. म्हणूनच तक्रार एकाच कानाची असल्यास, आलेख निर्दोष असला तरी, गॅडोलिनियमसह एमआरआयचा विचार टाळणे समर्थनीय ठरत नाही.